प्रोजेक्टरच्या पोटातला गुलाल

रविवारी सकाळी हॉलमध्ये जुनं बेडशीट अंथरून प्रोजेक्टर उघडायला बसलो होतो. हातात मऊ ब्रश, शेजारी हवा मारायचा रबरी पंप... आणि डोक्यात ठाम खात्री, की हा सगळा आईच्या धुपाचा प्रताप आहे.

थोडं मागचं सांगतो. आमच्याकडे भिंतभर चित्र दिसतं म्हणून तालमीतले दोस्त फुटबॉलच्या मॅच बघायला इथंच पडीक असतात. आदल्या आठवड्यात ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये पडद्यावर मधोमध धुरकट डाग दिसायला लागला, आणि हाफटाइमच्या आतच प्रोजेक्टर तापून बंद पडला.

नेमकी त्याच वेळी आई संध्याकाळचा धूप घेऊन हॉलमध्ये आली. निखाऱ्यावर ऊद टाकायचा, घरभर फिरवायचा, उंबऱ्याशी घटकाभर थांबायचं... मला कळायला लागल्यापासून ती हे करत आलीय.

आणि मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. "आई, तुझ्या या धुरानंच वाट लागलीय मशीनची! बंद कर हे थेर एकदाचे!" दोस्त मोबाइलमध्ये बघायला लागले. आई धुपाटणं घेऊन तशीच मागं वळली.

दुसऱ्या दिवसापासून घरात धूप लागला नाही. धुपाटणं घासूनपुसून माळ्यावर गेलं. मी मनात म्हटलं, चला, कळलं एकदाचं... हे लिहितानाही लाज वाटतेय.

तर रविवार. वायर काढली, स्क्रू सोडवले. आत काळीकुट्ट काजळी असणार, तो फिल्टर तसाच नेऊन आईला दाखवायचा, असा माझा बेत होता. म्हणजे साफसफाई कमी आणि खटला जास्त!

झाकण निघालं... आणि आत सगळं गुलाबी. फिल्टर गुलाबी, पंख्याची पाती गुलाबी, कोपऱ्यात गुलाबी थर. काजळी औषधालाही नव्हती.

गुलाल होता तो. आमच्या पेठेची टीम फायनल जिंकली, तेव्हा मीच हौसेनं प्रोजेक्टर तालमीपुढं नेला होता. समोरच्या भिंतीवर आपले गोल पुन्हा पुन्हा लावले आणि आम्ही पोत्यानं गुलाल उधळला. आतला पंखा समोर येईल ते ओढून घेत होता, आणि मी नाचत होतो.

घरातून नेताना आई म्हणालीही होती, "गुलालात नको न्हेऊस रं त्ये." मी हसून सोडून दिलं होतं.

ब्रश मारत गेलो तसा बेडशीटवर गुलाल सांडत गेला. बोटं रंगली. तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती. हात पुढं केले आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं. धूप नव्हता, गुलाल होता."

तिनं माझ्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. "मला ठावं हाय. वरनं पुसताना फडकं गुलाबी व्हत हुतं की."

"मग त्याच वेळी बोलली का नाहीस?"

"तुझ्या दोस्तांम्होरं? मग तुझं काय ऱ्हायलं असतं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिची चारचौघांत शोभा केली, आणि ती त्याच चारचौघांत माझी अब्रू झाकून आत गेली होती...

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग एकदाच माझ्याकडं बघितलं. "वरडलास चारचौघांत, आन् चुकलं म्हणतोस चुलीपाशी. व्हय रं?"

मी रंगलेले हात घेऊन तसाच हॉलमध्ये परत आलो.

प्रोजेक्टर आता झक्कास चालतोय. डाग गेला, तापतही नाही. धुपाटणं मी माळ्यावरून काढून देवघरापुढं ठेवलंय, पण आईनं अजून पेटवलेलं नाही. मीही मागं लागलेलो नाही... कुठल्या तोंडानं लागणार?

आज संध्याकाळी मॅच आहे. दोस्त येतील तेव्हा त्यांच्यासमोर बोलणारच आहे. पण आई फेसबुकवर सगळं वाचते, फक्त लाइक करत नाही. म्हणून आधी इथं, तुम्हा सगळ्यांच्या देखत...

आई, माझं चुकलं.