एका तांब्याचा पंप

सुदाम गायकवाड प्रयोगशाळेत आला की आधी ट्रान्सफॉर्मरला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा आणि त्याची मूठ कानाला लावायचा. "लोखंड दम घेऊन राहिलंय सर. चुंबकानं ताणतंय, आखडतंय. म्हणून तर गुणगुणतंय." मी म्हणायचो, "बस ऐकत! दुसरा उद्योग नाही." पण मनातून जळायचो. जे मी पोरांना पुस्तकातून वाचून दाखवायचो, ते हा देगलूरकडचा गडी कानानं ऐकायचा.

त्याच गुणावर त्यानं पंप केला. निकेलची कांडी, भोवती तारेचं वेटोळं. वीज सोडली की कांडी केसभरही नाही इतकी आखडे, लगेच सैल पडे. त्या थरथरीनं पाणी थेंब थेंब वर चढायचं. ना पिस्टन, ना मोटार. शेजारी माझा पायानं चालवायचा पंप, टाकी भरणारा.

लातूर नुकताच जिल्हा झालेला आणि दुष्काळ मानेवर बसलेला. नवे कलेक्टर आमच्या तंत्रनिकेतनात पंप बघायला येणार होते. ज्याचा पसंत पडेल त्याला मुंबईला प्रशिक्षणाला धाडायचं, जागा एकच. आणि त्याच सकाळी बोअर आटलं! माझ्या पंपाला हौदभर पाणी लागे, टँकर दुसऱ्या दिवशी. सुदामनं मात्र घरच्या वाट्याच्या पाण्यातून तांब्या भरून आणला. "माझ्या पंपाला एवढं बास हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो बौद्ध. आमच्या घरी त्याच्या पाण्याचा विटाळ मानत, आणि आठ वर्षं शेजारच्या टेबलावर बसूनही, विज्ञान शिकवणारा मी तो मुकाट पाळत आलो होतो. तो वायर आणायला गेला. पाणी ओतून दिलं असतं तर ओल दिसली असती. मी तांब्या उचलला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला.

वळलो तर दारात सुदाम. मला वाटलं, आता धरतो माझी गचांडी. पण त्याचे डोळे भरून आले.

"सर, माझ्या घरचं पाणी पिलात?"

"तहान लागली होती," मी म्हणालो.

"लई बरं केलं. पंपाचं काय, कधीबी चालंल."

साहेबांना दोन्ही पंप कोरडेच दाखवले. मी वरिष्ठ, म्हणून मुंबईला मी गेलो. तो पुढे बदलून नांदेडला गेला.

तो वारल्याचं कळलं तेव्हा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी आणलं. "ह्योच तांब्या. कुणी बी आलं की सांगायचे, सर पिले ह्यातून. माझा पंप त्याच दिवशी चालला, म्हणायचे."

मेल्यावरही मोठेपणा त्याचाच! खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. मग तांब्या घेतला आणि सगळा पिऊन टाकला, बोलावं लागू नये म्हणून.