वेगळा मोजलेला कापूस

ताज्या कापसाचा उबदार वास आला की मला झरी जामणीकडचं ते शेत आठवतं. मी तेव्हा तिथली अंगणवाडी सेविका होते. गावातली एक दीड वर्षाची पोर काहीही सगळ्या मुठीनंच उचलायची, तिचा अंगठा बोटाला जुळत नव्हता. मी घरी जाऊन तिच्यापुढे मुरमुरे ठेवायचे आणि ती ते मूठभर उधळायची. तिची आई विचारायची, “ताई, बोटं चालतीन नं इची?” त्या दिवशी घराला कुलूप होतं, म्हणून मी शेतात गेले. आई कापूस वेचत होती, पोर पराटीच्या झुडपाखाली पोत्यावर बसलेली. मी मुरमुरे काढणार, तोच पोरीनं समोरच्या बोंडातला कापूस ओढला, अलगद, चिमटीत धरून. वाकलेल्या आईच्या ओटीत तो टाकायला तिनं हात पुढे केला, तर आईनं ओटी मागे घेतली. “माह्यात नको टाकू वं,” डोळे पुसत ती म्हणाली, “तुहा कापूस वेगळा मोजा लागते.” संध्याकाळी मजुरीसाठी एकेकीचा कापूस मोजताना शेतमालकानं तो खरंच काट्यावर ठेवला. काटा जागचा हललासुद्धा नाही. तरी मालक म्हणाला, “लय भरला वं पोरी!” आजही काट्यावर कापसाचं पोतं चढताना दिसलं की माझी दोन बोटं आपोआप जुळतात.