मुदतवाढीचं कारण

नाशिक रोडला जन्मले, तिथल्याच कॉलनीत वाढले, आणि गेल्या हिवाळ्यात त्याच घरात बसून परदेशी बाई म्हणून व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज भरला. कॅनडाचा पासपोर्ट मीच हौसेनं घेतलेला, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? पण लाज त्याची वाटली नाही. अर्जात विचारलं होतं, मुक्काम का वाढवायचाय आणि किती. 'का'चं उत्तर आई. तिचं हृदय थकलं होतं, पाय सुजायला लागले होते. आणि 'किती' म्हणजे? आई अजून किती दिवस आहे, तेच ना विचारताय? मी तीन महिने लिहिलं आणि लॅपटॉप मिटून टाकला.

सोबत डॉक्टरांचं पत्र लागत होतं. त्यांनी 'वयोमानानुसार अशक्तपणा' असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं. मी म्हटलं, "डॉक्टर, जरा कडक लिहा हो. एवढ्यावर मला कुणी राहू देणार नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, 'प्रकृती गंभीर' असं लिहिलं, शिक्का मारला, आणि मी थँक्यू म्हणाले. सख्ख्या आईची प्रकृती गंभीर लिहून मिळाली म्हणून थँक्यू! रिक्षात बसल्यावर तोंड कुठे लपवू असं झालं. आईला यातलं काही बोलले नाही. अजून थोडी राहतेय, एवढंच सांगितलं.

मग एका सकाळी चौकशीला पोलीस आला. भाऊ ओझरला कामावर गेलेला, घरात आई आणि मीच. चपला दारात काढून, हातात फाईल घेऊन तो आत आला. म्हणाला, "आजारी कोण हाय, तेवढं बघायचंय. सायबांनी सांगितलंय, नीट बघून लिही. लोकं लय खोटी कारणं देत्यात." मी त्याला आईकडे घेऊन गेले.

आई आतल्या खोलीत पडून होती. सकाळपासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. मला वाटलं, हा बघेल, लिहील आणि जाईल. कसलं काय! परका माणूस आलाय म्हटल्यावर बाईसाहेब उठून बसल्या. पदर सारखा केला आणि जन्मभर प्रत्येकाला विचारलेला प्रश्न त्यालाही विचारला, "कुठले तुम्ही?"

"सायखेड्याचा."

झालं! सायखेडा म्हणजे आईचं माहेर. "अगं बाई, आमच्या गावचाच की तू!" म्हणत ती जी सुरू झाली! नदीला पाणी आहे का, द्राक्षं कशी आहेत, अमक्याच्या घरी आता कोण राहतं. तोही फाईल मांडीवर ठेवून मोकळा झाला. "म्हंजे तुम्ही आमच्या आत्याच की! तब्येत कशी हाय मग, आत्या?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे. गावात सांग सगळ्यांना, आत्या मजेत आहे म्हणून."

हे तिचं जुनंच. सासरी कितीही सोसावं लागलं तरी माहेरच्या माणसापुढे तिनं कधी हूं का चूं केलं नाही. एरवी मला कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी मात्र मी पोलिसाच्या पाठीमागे उभी राहून तिला खुणा करत होते. आडवी हो, डोळे मीट, आजारी दिस. पोटची पोर हे करत होती! तिला काही कळेना. "खांबासारखी उभी काय राहिलीस? चहा टाक ना," म्हणाली आणि स्वतःच उठायला पाय खाली सोडला.

पोलिसानं फाईल उघडली. हळूच मला म्हणाला, "मॅडम, हितं तर प्रकृती गंभीर लिवलंय."

आईनं ऐकलं. "कुणी लिहिलंय?"

"डॉक्टरांनी," मी म्हटलं.

"कशाला?"

"मला इथे राहता यावं म्हणून." धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तोफ सुटणार. तिनं खाली सोडलेला पाय वर घेतला, आडवी झाली, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. आणि त्याच माहेरच्या माणसाला म्हणाली, "लिही रे बाबा. आत्याचं आता काही खरं नाही. घास उतरत नाही. चार पावलं टाकली तरी दम लागतो. रात्रभर डोळ्याला डोळा नसतो. लिही."

आधी वाटलं, माझ्यासाठी नाटक करतेय. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं, यातला शब्दन् शब्द खरा आहे. इतके दिवस मलाही कळू दिलं नव्हतं. मी खुणा करून आजारी दिसायला सांगत होते, ते या बाईला.

पोलिसानं मान खाली घालून लिहिलं. निघताना तिच्या पाया पडला. "गावात नाय सांगत कुणाला, आत्या," म्हणाला.

दार लावून मी आत आले. "आई, ऊठ आता. गेला तो."

"राहू दे." पांघरुणातूनच तिनं विचारलं, "किती मागितलेस?"

"तीन महिने."

तिनं जरा विचार केला. "बरं," दळण आणायला निघाल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "तेवढ्यात उरकते मी."