वृद्धाश्रमात काठमांडूची वेळ

वेंकोबा शिंद्यांचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला डोकेदुखीचं. म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या एका ट्रस्टच्या वृद्धाश्रमात कॉम्प्युटरांनी कोणत्या भाषेत बोलायचं आणि किती वाजले म्हणायचं, हे तो ठरवी. हिशेबाच्या खोलीला कन्नड, डॉक्टरांना इंग्रजी, दारावरच्या टेबलाला दोन्ही. कुणाचं तरी बोट भलत्या बटणावर पडे, अक्षरं बदलत, आणि "वेंकोबाण्णा, बेगा, लवकर या!" म्हणून हाकाटी होई. हा धावत जाई, भाषा जागेवर आणी आणि परत येऊन गार झालेली कॉफी पिई. याच्या खापरपणज्यांनी म्हैसूरच्या फौजेत तलवार गाजवली म्हणे. याला मात्र साध्या सेक्रेटरीपुढे 'नाही' म्हणताना घाम फुटे.

सेक्रेटरी अंबाजीरावांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ पाव तास पुढे असतं. त्यानं माणसं वेळेवर निघतात, असा त्यांचा सिद्धांत. तोच त्यांनी आश्रमाला लावायचं ठरवलं. वेंकोबानं कॉम्प्युटरांची घड्याळं पुढे केली, पण ती इंटरनेटला विचारून मुकाट्यानं जागेवर येत. अंबाजीराव भडकले. तेव्हा वेंकोबाला शक्कल सुचली. काठमांडूची वेळ आपल्यापेक्षा बरोबर पाव तास पुढे. त्यानं सगळे कॉम्प्युटर एका फटक्यात नेपाळात नेऊन बसवले. साहेबांनी पाठ थोपटली, आणि गडी आठवडाभर हवेत होता.

गुपित असं काही नव्हतंच. स्वयंपाकिणीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे मनातल्या मनात पाव तास वजा करून चालत.

मग एके दुपारी आश्रमातल्या रघुनाथराव आजोबांनी उशाची घंटा दाबली. नर्स सुमा तिथल्या तिथे धावली, तिनं मागच्या इमारतीतून डॉक्टरांना हाक मारून आणलं, पण आजोबा गेले. सुमानं रडतरडतच आपण पोचल्याची नोंद केली, धावताना कॉम्प्युटरवर दिसलेली वेळ घालून, पाव तास वजा न करता. घंटेच्या यंत्राला मात्र स्वतःचं घड्याळ होतं, आणि ते खरं होतं. आजोबांच्या मुलानं दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या आणि अंगणात सगळ्यांदेखत ओरडला, "माझा बाप पाव तास घंटा वाजवत होता, आणि ही बाई आली नाही!" सुमाची मुलगी सहाना, स्वतः नर्सिंग शिकणारी, आईचा डबा घेऊन तेव्हाच फाटकातून आत येत होती. त्या दिवसापासून ती आईशी बोलेना.

चौकशीला हयग्रीव नावाचे निवृत्त अधिकारी बाहेरून येणार होते. त्या सकाळी अंबाजीरावांनी वेंकोबाला खोलीत घेतलं.

"घड्याळं सरळ कर बघू. ट्रस्टच्या अब्रूचा प्रश्न हाय."

"पण सर, सुमाचं मग..."

"तिचं मी बघतो. तू सुम्ने, गुमान आपलं काम कर."

वेंकोबा खुर्चीत बसला. त्याला सगळं कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती. साहेब म्हणालेत ना बघतो म्हणून, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि आश्रम नेपाळातून भारतात परत आणला.

चौकशीत सुमा बिलकूल डगमगली नाही. "सर, मी खोटं कशाला सांगू? माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर आत्तासुद्धा पाव तास पुढे हाय. चला, दाखवते," म्हणाली, आणि सगळ्यांच्या पुढे तरातरा चालत गेली. पडद्यापाशी तिनं आपला मोबाईल धरला. दोन्हीकडे एकच वेळ. तिनं परत पाहिलं. मग वळून वेंकोबाकडे पाहिलं, आणि वेंकोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, मी सकाळी बदललं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की हयग्रीवांना पुन्हा विचारावं लागलं. मग त्यानं अंबाजीरावांचं नाव घेऊन सगळं सांगितलं, काठमांडूसकट.

"काठमांडू!" अंबाजीराव हसले. "सर, दोघं एकाच गल्लीतली. ह्यानंच काल पुढं केलं असंल, आज मागं केलं असंल. ह्याच्या हातातला खेळ हाय तो."

वेंकोबानं धडपडत कॉम्प्युटरातली बदलांची नोंद उघडून दाखवली. सकाळचा बदल तिथे होता, त्याच्याच नावावर. त्याआधीचं काही कॉम्प्युटरनं ठेवलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाला हे माहीत आहे?" हयग्रीवांनी विचारलं.

वेंकोबानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसू लागले. स्वयंपाकीण पदराशी चाळा करत राहिली. "अहो, बोला की! रोज वजा करता ना पाव तास!" तो ओरडला, आणि आश्रमात त्याचा चढलेला आवाज लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. कुणी तोंड उघडलं नाही. सुमाला त्याच दिवशी कामावरून काढलं.

फाटकापाशी तो तिच्यामागे गेला. शिव्या खायची त्याची तयारी होती. सुमा शिव्या द्यायच्या पलीकडे गेली होती.

"वेंकोबाण्णा, नोकरी जाऊ दे. दुसरी बघीन कुठं तरी. पण माझ्या सहानाला येऊन सांगा. माझं ऐकत नाही ती."

तो तसाच तिच्याबरोबर घरी गेला. सहाना दारातच उभी होती, हात बांधून. वेंकोबानं तिला पहिल्यापासून सांगितलं: साहेबांचा हट्ट, आपली शक्कल, घंटेचं खरं घड्याळ. "तुझी आई घंटा वाजताच धावली. एक क्षण उशीर केला नाही तिनं," तो म्हणाला. पोरीचे हात हळूहळू सुटले. ती आईकडे बघत राहिली, डोळे भरून आले, पण जवळ गेली नाही. आधी ती वेंकोबाकडे वळली.

"तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"होतं."

"मग आज सकाळी का बदललंत?"

सुमानं तिला गप्प करायला हात वर केला. वेंकोबानं मान खाली घातली.

"भ्यालो गं," तो म्हणाला.