कारंज्याहून आणलेला हेडफोन

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला आणि बिचाऱ्याचा नवा सदरा गेला. हसायला माझी ना नाही, फजिती माझीच आहे. फक्त कपडे सांभाळा.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि मी शेलूबाजारला कापूस खरेदीच्या केंद्रावर नवानवा कारकून. पगार हातात आल्यावर माणूस काय घेतो? सायकल घेतो, घड्याळ घेतो. मी एक जुना, विजेवर चालणारा रेडिओ घेतला. लाकडी पेटी, आणि मधोमध हिरवा डोळा. स्टेशन लागलं की तो डोळा मिटत यायचा, आणि मी त्याच्याकडे बघत जेवण विसरायचो. शेकडो कोसांवर कुणी गातो आणि आमच्या पत्र्याच्या घरात ऐकू येतं, याचं नवल मला रोज नव्याने वाटायचं.

पण घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी. त्यात माझी धाकटी बहीण वच्छी त्या वर्षी मॅट्रिकला. आमच्या वस्तीतून मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच पोरगी. सगळ्या वस्तीचा जीव तिच्यात अडकलेला. बाबा बाजारात पोती उचलायचे, त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण वच्छी वाचत असली की ते दारातून चपला हातात घेऊन आत यायचे.

त्यांनी मला बसवून सांगितलं, "पोरीची परीक्षा होवोस्तोवर रेडिओचा आवाज कानावर आला, तर येत्या बाजारात मी तो इकून टाकीन."

बाबा बोलले म्हणजे झालंच. आणि पुढच्याच रविवारी संध्याकाळी रेडिओवर कव्वालीचा मोठा कार्यक्रम लागणार होता! मग मला सुचलं, हेडफोन. आवाज थेट कानात, घराला पत्ता नाही. तेव्हा आमच्याकडे हेडफोन म्हणजे विमानवाल्यांच्या डोक्यावरची वस्तू. मी कारंज्याची गाडी पकडली.

कारंज्याला एक रेडिओ दुरुस्तीवाला होता. मिलिटरीच्या भंगारातून आलेले तीन हेडफोन त्याने समोर मांडले. दुकानात त्याचा मोठा रेडिओ चालूच होता, त्यावर बासरी लागलेली. मी एकेक हेडफोन डोक्यावर चढवायला लागलो.

पहिला पातळ होता. बासरी ऐकू आली, पण तशीच, साधी. दुसराही तसाच. तिसरा मात्र जाडजूड, कातडी गाद्यांचा, कानावर बसला की बसला! आणि काय सांगू, ती बासरी दूर गेली, खोल गेली. अशी गोल, अशी मऊ, विहिरीच्या तळाशी बसून कुणी वाजवावी तशी. वाशीमच्या एका दर्दी मित्राने सांगून ठेवलं होतं, चांगला आवाज कर्कश नसतो, तो कानात तुपासारखा उतरतो. हे तूपच होतं. मी तीनदा काढला, तीनदा घातला. दर वेळी तूप.

दुकानदार समोर हातवारे करून काहीतरी सांगत होता. त्याचे ओठ हलत होते. मला एक अक्षर ऐकू येईना, आणि त्याचंही मला कौतुकच वाटलं. मी मान डोलवत राहिलो. शेवटी हेडफोन काढून भाव विचारला, तर तिन्हीत सगळ्यात स्वस्त तोच! माझ्या बजेटात बसून वर भज्यांचे पैसे उरत होते. याला मालाची पारख नाही, असं मनात म्हणून मी पैसे मोजले आणि मागे न बघता गाडी गाठली. भजी खाल्ली.

रेडिओच्या पाठीमागे बाहेरचा स्पीकर जोडायला दोन भोकं असतात. त्यात हेडफोनच्या पिना खोचल्या की काम झालं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपल्या अकलेनेच ठरवलं. रविवारी संध्याकाळी वच्छी आत पुस्तक घेऊन बसली. मी ओसरीत पिना खोचल्या, हेडफोन चढवला, रेडिओ लावला आणि डोळे मिटले.

कव्वाली सुरू झाली. तोच आवाज, खोल आणि गोड. जरा बारीक वाटला म्हणून बटण फिरवलं. अजून थोडं फिरवलं. मग म्हटलं, आपल्याच कानात आहे, कुणाच्या बापाचं काय जातं, आणि शेवटपर्यंत फिरवलं.

मी डोळे उघडले तर समोरच्या अंगणात सरस्वताकाकू तूर पाखडत होत्या. आणि त्यांचं सूप माझ्या कानातल्या तालावर पडत होतं! अगदी समेवर! पलीकडे हॉटेलवाला कपावर चमचा वाजवत होता, तोही त्याच तालात. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, हे काय गारुड आहे? मी एकटा ऐकतोय आणि सगळी वस्ती त्यावर चाललीय! तुम्ही हसा, पण त्या घडीला मला खरंच वाटलं की साऱ्या जगाचा एक आतला ताल असतो आणि तो मला आज सापडला.

तेवढ्यात बाबा समोर येऊन उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मी हसून हाताने खुणावलं, काही ऐकू येत नाही. मग कानावरच्या गादीवर टिचकी मारून दाखवली, माल बघा!

वच्छी बाहेर आली. तिने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला.

आणि अख्खी कव्वाली माझ्या अंगावर कोसळली.

वच्छीने रेडिओतून हेडफोनच्या पिना उपटून माझ्या हातात दिल्या आणि हेडफोन परत माझ्या कानावर बसवला. तोच खोल आवाज, तेच तूप. पिना माझ्या हातात. हेडफोन पार मेलेला होता, आणि पिना खोचल्या तरी पेटीतला स्पीकर चालूच राहिला होता. मी कारंज्यातही दुकानातला रेडिओच ऐकत होतो, गाद्यांच्या पलीकडून.

बाबा पुढे झाले. त्यांनी बटण बंद केलं. रेडिओ पोत्यात जाणार, पोतं बाजारात जाणार, हे मला कळून चुकलं. इतक्यात वच्छीने तो हेडफोन आपल्या कानावर चढवला. बाहेर कुत्री भांडत होती, हॉटेलात गलका चालला होता. तिचा चेहरा एकदम निवला.

"बाबा, काहीच आयकू येत नाही," ती म्हणाली. "रेडिओ इकू नोका. हे मले पाह्यजे."

परीक्षा होईपर्यंत वच्छी तो कानाला लावून वाचत होती. आणि पोरगी पास झाली! बाबा पेढे वाटताना रडत होते, मीही रडलो. येणारा प्रत्येक जण जय भीम करून आधी तो हेडफोन डोक्यावर घालून बघायचा आणि त्या शांततेनं चाट पडायचा. माझा भाव वधारला. एवढी भारी वस्तू आणली कुणी? मी आणली! मीही नाही म्हणालो नाही.

हॉटेलवाल्याचा पोरगा पुढच्या वर्षी मॅट्रिकला होता. तो माझ्याकडून पत्ता घेऊन कारंज्याला गेला आणि संध्याकाळी हात हलवत परत आला.

"काहून, भेटला नाही?" बाबांनी विचारलं.

"दुकानदार म्हणते, बाकी सगळ्याइतून आवाज येते. मुका एकच होता. 'तार मेली हाये, नेऊ नोका' म्हणून म्या लय सांगतलं म्हणे, पण शेलूचा एक दर्दी माणूस तीन-तीनदा कानाले लावून, पारखून घेऊन गेला."