गिरणीतलं कार्ड

आमच्या मलकापुरात गिरणी चालवणाऱ्या बाई पिठाच्या हातानंच चहा पितात, फोन घेतात. त्या एका कार्डाला मात्र तशा शिवत नाहीत. कॉलेजातल्या लेकीनं त्यांना राक्षस-जादूगारांच्या चित्रांच्या पत्त्यांचा खेळ शिकवला. सांगलीच्या स्पर्धेत त्या खेळल्या, तिथं प्रत्येक खेळाडूला आठवण म्हणून हे कार्ड मिळालं. त्यावर निळा राक्षस आहे आणि सोनेरी अक्षरांत स्पर्धेचं नाव. कुणी बघायला मागितलं की त्या हात धुतात, पदराला पुसतात आणि कडेनं धरून लांबूनच दाखवतात.

काल एक गिऱ्हाईक हसलं. "पैल्याच डावात हरला, तरी बक्षीस व्हय, मावशी?"

"हरायला बी पोरांच्या म्होरं जाऊन बसावं लागतंय, बाबा," असं म्हणून त्यांनी त्याचं दळण टाकलं.

मग दळणाचा डबा घेऊन बसलेल्या माझ्याकडं वळल्या. "दळण हुईस्तोवर तुमी दर खेपेला माज्यासंगं खेळता. औंदा सांगलीला तुमचं बी नाव दिलंय."

चौथीत शाळा सुटल्यापासून माझं नाव कुणी कशात दिलं नव्हतं. नको म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात धुतले आणि ते कार्ड माझ्या हातात दिलं. मी ते कडेनं धरलं, आणि नको म्हणायचं राहूनच गेलं.