काशीच्या हद्दीतलं हॉटेल

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. आईला विचारलं, काय हवं? ती म्हणाली, एकदा मोठ्या हॉटेलात राहायचंय. पांढऱ्या चादरी, टब, आणि सकाळी कुणीतरी येऊन विचारायचं, चहा खोलीत आणू की बागेत. आणि हो, हे पण बरोबर हवेत. 'हे' म्हणजे बाबा.

मागणी साधी होती. अडचण बाबांची होती.

बाबा बँकेच्या तपासणी खात्यात होते. गुवाहाटी, कोची, जोधपूर. देशभरच्या हॉटेलांतून ते एकटे झोपले आणि बँकेने बिलं भरली. आई काशीत ब्रह्मा घाटावरच्या घरात आम्हाला वाढवत होती. रिटायर झाल्यावर जोडीने फिरायचं, असं ठरलं होतं. रिटायर झाल्यावर महिन्याभरात बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे काशीची हद्द आयुष्यात पुन्हा ओलांडायची नाही असा संकल्प. उत्तरेला वरुणा, दक्षिणेला अस्सी, पूर्वेला गंगा. उरलेलं जग बंद.

आईने कसलाही संकल्प केला नव्हता. पण तेव्हापासून तीही कुठे गेली नाही.

तेव्हा ठरलं की मोठं हॉटेल काशीतच घ्यायचं, हद्दीच्या आत. स्वतःच्याच गावात पाहुणे व्हायचं. माझी बायको सायली साताऱ्याची. ती भाजी निवडावी तशी हॉटेलं निवडते. तिने तीन नावं काढली आणि आम्ही पुण्याहून निघालो.

जाणार असाल तर धुक्याचे दिवस टाळा. डिसेंबर-जानेवारीत विमानं कधी पोचतील याचा भरवसा नसतो. आम्ही फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलो आणि तरीही उशिराच पोचलो. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून बराच बाहेर. टॅक्सी हजाराच्या आसपास घेते. वाटेत वरुणेचा पूल लागतो. पुलाच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे काशीच्या बाजूला, मफलर गुंडाळून बाबा उभे होते. ते पुढच्या सीटवर बसले.

"किती उशीर."

"विमानाला झाला, बाबा."

"विमान वरुणेच्या पलीकडचं. त्याचं मला सांगू नको."

मैदागिनला गाडी सोडावी लागते. पुढे ई-रिक्शा, मग गल्ली, मग गल्लीतली गल्ली. मोठी बॅग आणू नका. समोरून गाय आली तर बॅग डोक्यावर घ्यावी लागते. घरी पोचलो तेव्हा आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"आई, हॉटेल अजून ठरायचंय."

"ठरवा ना आरामात. मी तैयार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठठेरी बाजारात कचोरी-जिलबी खाल्ली, वर कुल्हडातलं मलइयो. दुधाचा केशरी फेस. हिवाळ्यातच मिळतो, आणि चमचा घालेपर्यंत निम्मा विरतो. तिघांचं पोट तीनशेत भरलं; बाबा घरूनच खाऊन निघाले होते. मग तपासणी सुरू झाली. बाबांनी जुना कोट घातला होता. पाहणीला निघताना ते तोच घालायचे.

मोठी हॉटेलं आधी फोन केला तर खोल्या दाखवतात. संकोच करू नका.

पहिलं हॉटेल अस्सीला. नवं, काचेचं, सायलीचं लाडकं. खिडकीला लागून टब, खिडकीत गंगा. नाश्त्यासकट बारा हजार. अस्सी घाटाच्या थोडं पुढे गेलो आणि बाबा थांबले.

"हॉटेल तिकडे आहे. अस्सी नदी इथे गंगेला मिळायची."

"बाबा, अस्सीचा नाला आता पुढे जाऊन मिळतो," सायलीने फोनवर नकाशा उघडला. "हे बघा. हॉटेल नाल्याच्या अलीकडे. म्हणजे काशीतच."

"नाला माणसांनी हलवला. काशी नाही हलवली."

"पण वरुणा ते अस्सी असंच ना? मग अस्सी जिथे, तिथे हद्द."

"सूनबाई, उद्या नाला दिल्लीला नेला तर दिल्लीही काशी होईल का?"

सायलीने विचार केला. "दिल्लीत हॉटेलं चांगली आहेत."

बाबा हसले, पण हलले नाहीत. सायली एकटीच खोली पाहून आली. आईला कुणी थांबवलं नव्हतं. बाबा थांबले म्हणून ती थांबली आणि त्यांच्या शेजारी चहा पीत बसली. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही. सायलीने टबाचा फोटो दाखवला. आईने तो बोटांनी मोठा केला.

"झोपल्या झोपल्या गंगा दिसते," ती म्हणाली.

"आपल्या घाटावर उतरून दिसते. फुकट," बाबा म्हणाले.

"फुकटचं पन्नास वर्षं पाहिलं."

दुसरं हॉटेल म्हणजे घाटावरचा जुना महाल. दगडी झरोके, गार फरश्या, पायऱ्या नकोत तर लिफ्ट. नावेतून थेट दारात उतरता येतं. हद्दीचा प्रश्नच नाही, ते काशीच्या पोटातच आहे. बाहेरून येणाऱ्यांनी डोळे मिटून हेच घ्यावं. एका रात्रीचे तीस हजारांच्या वर, पण पहाटे पडदा सरकवला की समोर सगळं. आईने पडदा सरकवला. घाट, छत्र्या, माकडं, कुणाचं तरी धोतर वाळत घातलेलं.

"हे तर घरूनही दिसतं," ती म्हणाली आणि पडदा लावला.

खाली मॅनेजरने सरबत दिलं. "माताजी, आप लोग कहाँ से पधारे हैं?"

बाबांनी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "पुणे से."

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे सरबत पीत होती.

"पहली बार काशी?"

"हाँ जी. बहुत सुना था."

रिक्शात बाबा म्हणाले, "खोटं बोललीस. काशीत."

"पाहुणे व्हायचं ठरलंय ना? मग पाहुण्यासारखं बोलायला हवं."

तिसरं हॉटेल कँटोन्मेंटला. जुनं, पसरलेलं. मोठी हिरवळ, आंब्याची झाडं. गंगा नाही, घंटा नाहीत, माकडं नाहीत. बाबांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, वरुणा किधर है? ती म्हणाली, पीछे, सर, थोड़ा दूर. पीछे मतलब किस तरफ़? ती गोंधळली. आत्तापर्यंत कुणी तिला हे विचारलं नसावं. बाबा स्वतः जाऊन पाहून आले. आईने पलंगावर तळवा दाबला, कणीक मळून झाली की दाबते तसा. मग न्हाणीघरात डोकावली. टब पांढरा आणि लांब होता.

"हेच," ती म्हणाली.

"हद्दीत आहे," बाबांनी शिक्का मारला.

एका खोलीचे करासकट बावीस हजार. दोन खोल्या. इथे मी एक मोठा श्वास घेतला आणि कार्ड पुढे केलं. तुम्हीही घ्या. नंतर हलकं वाटतं.

त्या दुपारी आई टबात गेली. बऱ्याच वेळाने सायलीने दारावर टकटक केली.

"आई, सगळं ठीक ना?"

"हो."

"बाहेर येताय?"

"नाही."

शेवटी आली ती हॉटेलचा पांढरा झगा घालून, आणि तशीच बागेत जाऊन बसली. बाबांनी आजूबाजूला पाहिलं.

"हे काय घालून आलीस?"

"परदेसी लोकांना देतात इथे. मीही आज परदेसी."

वेटर आला. चाय यहीं लाऊँ, माताजी? आईने जरा वेळ घेतला. तिला त्याच्याकडून पुन्हा ऐकायचं होतं, असं मला वाटतं. त्याने पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, यहीं.

बाबा बाहेरचं शिजवलेलं खात नाहीत. त्यांनी काट्या-सुरीने अख्खी पपई खाल्ली, इतक्या सफाईने की वेटर पाहत राहिला. आईसुद्धा पाहत होती.

"असं खाता होय बाहेर," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहाटे हॉटेलची नौका-सहल होती, भाड्यात धरलेली. तुम्ही स्वतः ठरवणार असाल तर घाटावर घासाघीस करा, पहिला भाव कधीच घेऊ नका. बरोबर चंदन नावाचा गाइड होता, तरुण आणि टायवाला. त्याला आम्ही पुण्याचे असं सांगितलेलं. शिंदे घाटाशी त्याने पाण्यात कललेलं देऊळ दाखवलं. मग पायऱ्यांचा एक उंच घाट आला.

"ये ब्रह्मा घाट. यहाँ आपके महाराष्ट्र वाले रहते हैं. पुराने पंडित लोग. बहुत कड़क."

"अच्छा?" आईने शाल सावरली. "कितने कड़क?"

"अरे माताजी, दरवाज़े पर जाओ तो पानी तक नहीं पूछते."

"औरतें भी?"

"औरतें तो और ज़्यादा."

बाबांना खोकला आला. सायली पाण्याकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. आई मान डोलवत ऐकत होती. वरच्या मजल्यावरच्या हिरव्या दाराकडे ती पाहत होती. ते आमचं दार.

नाव पलीकडच्या वाळूकडे वळली. पावसाळा सोडला की गंगेच्या पैलतिरी रुंद वाळवंट उघडं पडतं. तिथे चहा, घोडे, उंट. आणखी दक्षिणेला रामनगर. वाळू जवळ आली तसे बाबा नावाड्याला म्हणाले, "नाव बालू पर मत चढ़ाना. पानी में ही रखना."

नावाडी म्हातारा होता. त्याने बाबांकडे नीट पाहिलं. मग चंदनला म्हणाला, "ई पूना क ना हउवन."

चंदनने बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. "माताजी, आप लोग...?"

"ब्रह्मा घाट," आई म्हणाली.

चंदनने टाय सैल केला. मग आईने पिशवीतून बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"पानी पियोगे, बेटा?"

तो प्यायला. दुसरं करणार काय. सायली आता उघड हसत होती, नावाडी हसत होता, शेवटी चंदनही.

नाव घोटाभर पाण्यात थांबली. सायली उतरली, मी उतरलो. आईने एक पाय नावेच्या काठावर ठेवला आणि मागे पाहिलं. बाबा फळीवर बसून होते. ही अस्सीसारखीच जागा होती. ती आता परत बसणार, हे मला दिसत होतं. बाबांनाही दिसलं असावं.

"तू जा," ते म्हणाले. "तुझा कुठे संकल्प आहे."

आई तशीच उभी. "हे म्हणायला इतकी वर्षं लागली तुम्हाला?"

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही विचारलं होतंत? संकल्प करताना?"

बाबा फळीवरून उठले. मग त्यांनी हात पुढे केला. आईने तो धरला आणि पाण्यात उतरली. ती वाळूवर गेली, साडी गुडघ्यापर्यंत ओली. थोडी चालली. मग भराभर चालू लागली. सत्तरी ओलांडलेली बाई वाळूत पळते की चालते, ते सांगणं अवघड आहे. आम्ही मागे होतो. उंटवाल्याने उंट बसवला, आणि आम्ही काही बोलायच्या आत ती वर होती.

"सौ रुपये," उंटवाला म्हणाला.

"पचास," आई वरूनच म्हणाली. पाहुणेपण तिथे संपलं.

उंट उठला. आईच्या तोंडून एक आवाज निघाला, मी पूर्वी कधी न ऐकलेला. तिकडे नावेतून बाबा ओरडत होते. "पुढे झुकू नको! मागे रेल! जोधपूरला मी..." पुढचं वाऱ्याने नेलं. सगळी काशी त्यांच्या पाठीमागे उजळत होती आणि ते तिच्याकडे पाठ करून, नावेत उभे राहून, वाळूकडे पाहत होते.

परत येऊन आई त्यांच्या शेजारी बसली. केसांत वाळू.

"मी मुलांबरोबर पुण्याला जाते," ती म्हणाली. "समुद्रही बघायचाय."

"आणि मी?"

"तुम्ही काशीत. तुमचा संकल्प आहे."

"जेवणाचं?"

"गुवाहाटीला तीन महिने स्टोव्हवर करून खात होतात. पत्रात लिहायचात, आमटी उत्तम जमली."

बाबा पाण्याकडे पाहत राहिले. "उत्तम नव्हती," ते म्हणाले. "बरी होती."

आता पुण्यात आहोत. वाचक विचारतील, तिघांतलं कुठलं हॉटेल घ्यावं. गंगा पाहायची असेल तर महाल. गंगा रोज पाहत असाल तर कँटोन्मेंट. अस्सीचं काचेचं हॉटेल छान आहे, पण ते काशीत आहे का, हे आधी घरात ठरवून घ्या. खर्च बराच झाला. चादरी किती मऊ होत्या ते आठवत नाही. पाण्यात उतरताना आईने धरलेला तो हात आठवतो, आणि ती उतरल्यावरही जरा वेळ तसाच पुढे राहिलेला.

काल बाबांचा फोन आला. आई आणि सायली कोकणातली हॉटेलं बघत बसल्या होत्या. आईने फोन स्पीकरवर ठेवला.

"जेवलात?"

"जेवलो. आमटी केली."

"कशी झाली?"

"बरी." थोडं थांबून, "परतीचं तिकीट काढलं?"

आईने सायलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सायलीने फोन तिच्याकडे सरकवला. उत्तर तिचं होतं.

"नाही काढलं," ती म्हणाली.

फोनवर घाटावरची घंटा ऐकू आली, मग कुणीतरी कुणाला हाक मारली.

"घाई करू नको," बाबा म्हणाले.